दूधविनायकातलं वैराग्य

शरमेपोटी माणसं काय काय सोंगं काढतात! मी तर थेट संन्यासी झालो. हसू नका, चहा सांडेल.

साताऱ्याहून बँकेच्या बदलीवर बनारसला आलो, दूधविनायकाच्या गल्लीत बिऱ्हाड केलं आणि मन असं बसलं की उठेचना. जेवण नको, माणसं नकोत. शेवटी बायकोनं, सुनंदानं, डॉक्टरांकडे नेलं. उदासीवरच्या गोळ्या सुरू झाल्या. आणि गुण आला हो! भूक लागली, झोप लागली, मॅनेजरचा चेहरासुद्धा सहन व्हायला लागला!

पण एक खातं बंद पडलं. कुठलं ते समजून घ्या, लग्न झालेली माणसं आहात.

डॉक्टरांना सांगायचं? छे! तिथे आपलं 'सब ठीक है' म्हणायचं आणि परत यायचं.

एक दिवस सुनंदानं विचारलंच, "अहो, माझ्यावरचं मन उडालं का तुमचं?"

इथे सरळ बोलावं की नाही? पण माझ्यातला पुरुष जागा झाला, तोही नको तिथे! म्हणालो, "तसं नाही गं. काशीचा प्रभाव. वासनाच सुटली."

ती रडत रडत मोघे गुरुजींकडे. हे आमच्या गल्लीतले पुरोहित, कैक पिढ्या काशीतलेच. संध्याकाळी दारात हजर!

"अरे वा! लोक जनम घालवतात यासाठी, तुम्हाला घरबसल्या मिळालं! बहुत बढिया!"

आणि वाकून माझ्या पाया पडले. सत्तरीचा माणूस! मी अडवायला हवं होतं. पण खरं सांगू? बरं वाटलं.

झालं! बातमी बँकेत. गोळ्यांची पट्टी मी तिथे मोज्यात लपवायचो, पण वैराग्याबद्दल मॅनेजरनं स्वतः चहा पाजला. बघा न्याय! औषध घेतलं तर वेडा, बायकोकडे पाठ केली तर महाराज!

गुरुजींनी अहिल्याबाई घाटावर माझं प्रवचन ठेवलं. विषय इंद्रियनिग्रह! एका आजोबांनी हात जोडून विचारलं, "महाराज, हे साधलं कसं?"

मी डोळे मिटले. "आपोआप."

लोक गहिवरले.

घरी आलो तर सुनंदा बॅग भरतेय. "संन्याशाला बायको कशाला? मी चालले साताऱ्याला."

तेव्हा कुठे वाचा फुटली. "अगं, थांब! वैराग्य कसलं, त्या गोळ्यांनी झालंय सगळं!"

दुसऱ्या दिवशी तिनंच डॉक्टरांना सगळं सांगितलं. माझ्यादेखत, काही आडपडदा न ठेवता. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

डॉक्टर म्हणाले, "भाईसाहब, ये तो बहुतों को होता है. बोलना था ना! अपने मन से बंद मत कीजिएगा, दवा बदल देते हैं."

बदलली. हळूहळू गाडी रुळावर आली.

मग एका सकाळी घाटावर आम्हा दोघांना गुरुजी भेटले. सोबत चार यजमान. त्यांच्यासमोर हात जोडून म्हणाले, "महाराज, वैराग्य कसं चाललंय?"

मी चेहरा गंभीर केला, तोंड उघडणार, तोच सुनंदा खणखणीत आवाजात म्हणाली, "उतरलं हो, गुरुजी! डॉक्टरांनी गोळी बदलली."