मधात बसलेला दात

गाडीच्या मागच्या धुऱ्यातून काढलेलं काळं तेल तो आधी एका तसराळ्यात घ्यायचा. मग त्यात करंगळी बुडवायची, अंगठ्यावर चोळायची, नाकापाशी न्यायची आणि मान वळवून थुंकायचं. "थू! सडलं." गाडीचा मालक समोर उभा असो की नसो. त्या तेलाला नासक्या अंड्यांचा वास येतो. तुम्ही कधी हुंगलं नसेल तर माझ्यावर विश्वास ठेवा, हुंगायला जाऊ नका. जळलेलं असलं की आणखीच घाण. पण त्या वासावरून तो सांगायचा, मालक क्लच कसा सोडतो, ओझं किती भरतो आणि तेल शेवटचं कधी बदललं. "तीन सालापासून बदललं नाही, अन् मले इचारते, आवाज काहून येऊन राह्यला!"

आम्ही सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचो. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्या नावाला जेवढी घाण लागायची तेवढी लागून झाली, आणि ती लावण्यात माझाही हात आहे.

मी विमा कंपनीत सर्व्हेअर होतो. ठोकलेल्या गाड्या पाहायच्या, कशामुळे ठोकल्या ते लिहायचं, खाली सही करायची. आमचं घराणं मूळचं विदर्भातलं, पण माझी सारी नोकरी रायपुरातच गेली. राज्य नवीन झालं आणि या शहराच्या अंगात आलं. तेलीबांध्याच्या पलीकडे नव्या राजधानीचे सहापदरी रस्ते पसरले, त्यांच्यावर माणसं कमी आणि गायी जास्त. सहा महिन्यांत उखडणारे रस्ते बांधायचे आणि शंकर नगरात संगमरवरी बंगला उठवायचा, हा नवा धंदा. शी! पण तक्रार करणारा मी कोण? त्याच लोकांच्या गाड्या तपासून माझं घर चालत होतं.

मिस्त्रीचं गॅरेज तेलीबांध्यालाच, तळ्याजवळच्या एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत. माणूस भंडाऱ्याकडचा. पहिल्यांदा गेलो तो दिवस आठवला की अजून हसू येतं. एक ठोकलेली जीप पाहायची होती. आत पाऊल टाकलं तर समोर पाटावर एक मोठं दातेरी चाक, आणि त्याचे दात शेंदराने माखलेले. बाजूला ताटलीत तेलात कालवलेला आणखी शेंदूर. मी आपल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

"भाऊ, चपला घाला!" तो आतून ओरडला. "पाय काळे होतीन. मारुती नव्हे तो, क्राऊन आहे!"

मग त्याने मला समजावलं. इंजिनाची ताकद लांब दांड्यातून मागे येते. तिथे पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक क्राऊन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवतं, आणि त्याच्यावर मागची चाकं फिरतात. हा सगळा गोळा म्हणजे डिफ्रेंशल. दोघांचे दात एकमेकांत नीट बसले की नाही ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून दातांना शेंदूर लावायचा, चाक हाताने फिरवायचं आणि शेंदूर कुठे पुसला ते पाहायचं. कडेला पुसला तर गाडी बोंबलणार, मुळाशी पुसला तर दात तुटणार. "मधात पुसला पाहिजे भाऊ, मधात. मंग दहा साल पाहाचं काम नाही." नाही बसला की कागदाएवढी पातळ चकती घालायची आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. आठ-आठ वेळा उघडायचा पठ्ठ्या.

शेंदूर तो गोल बाजारातून आणायचा. तिथला दुकानदार त्याला मोठा हनुमानभक्त समजून चिमूटभर जास्तच घालायचा. हा मुकाट्याने पुडी खिशात टाकायचा. याच्या घरी तर एकही देव नव्हता. गॅरेजच्या भिंतीवर एकच तसबीर, निळ्या कोटातली, आणि ती पुसायचं फडकं वेगळं. त्याला तेलाचा हात लागलेला चालत नसे. "बायको म्हणते, आपल्या घरात शेंदराचा टिपका नाही, अन् तुमची पँट पाहा," असं सांगून स्वतःच खो खो हसायचा.

असेच रस्ते बांधणाऱ्या एका ठेकेदाराच्या पोराला त्याच्याकडे मीच नेलं. ठेकेदाराचे सगळे ट्रक आमच्या कंपनीकडे विम्याला, त्यामुळे आमचे मॅनेजर त्याच्यापुढे सरळ उभे राहत नसत. त्यांनीच मला चांगला मिस्त्री विचारला होता. पोराकडे एक जुनी लांबनाकी गाडी होती, मागच्या चाकांवर चालणारी. तिच्यात त्याने कुठल्याशा विलायती गाडीचं दांडगं इंजिन बसवून घेतलं होतं. मागचं डिफ्रेंशल मात्र जुनंच. पाय दाबला की एकच चाक जागच्या जागी भिरभिरायचं आणि मागून कण्हल्यासारखा आवाज यायचा.

मिस्त्रीने तेल काढलं, हुंगलं, थुंकला. मग विचारलं, "भैया, भगाना है के उठाना है?"

"दोनों," पोरगा म्हणाला.

"दोनों की दुकान बाजू में है. यहाँ एक मिलेगा."

पोरगा हसला आणि उचल हवी म्हणाला. दिल्लीच्या भंगार बाजारातून नवी जोडी मागवायचं ठरलं, जाड दातांची. जुन्या पिनियनला दहा दात होते, नव्याला नऊ. क्राऊनचे दात तेवढेच. म्हणजे गाडीचा वेग थोडा कमी होणार, पण ती जागेवरून झेप घेणार. सोबत एक खास डबी येणार होती, सरळ रस्त्यावर दोन्ही चाकांना ताकद देणारी आणि वळणावर त्यांना आपापल्या चालीने सोडणारी.

"इतना झंझट क्यों?" पोरगा म्हणाला. "अंदर वेल्डिंग मार दो. दोनों चक्के साथ घूमेंगे, धुआँ निकलेगा."

मिस्त्रीचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्याच्या ताटात थुंकलं. तो माझ्याकडे वळला आणि मराठीत बोलला, कारण राग त्याला हिंदीत येत नसे. "भाऊ, खळ्यात बैल फिरतात पाहा. आतला हळू चालते, बाहेरचा भरभर चालते. दोघायचे पाय एका दोरीनं बांधाचे का? वळणावर दोघंही पडतीन अन् मालकाले घेऊन पडतीन. सांगा याले, माझ्याजवळ वेल्डिंगची मशीनच नाही. ठेवलीच नाही मी."

मी पोराला सांगितलं. तो बरं म्हणाला.

कामाला नऊ दिवस लागले. मी रोज संध्याकाळी घरी जाताना डोकवायचो. उघडलेलं डिफ्रेंशल, शेंदूर, चकती, पुन्हा शेंदूर. नवव्या दिवशी पोराचा बाप स्वतः आला, गाडी का मिळत नाही ते विचारायला. पांढरे बूट, हातात तीन अंगठ्या. शेंदराची ताटली दिसताच त्याने मोठ्या भक्तिभावाने बोट बुडवलं, कपाळाला टिळा लावला आणि डोळे मिटले. डोळे उघडले ते भिंतीवरच्या तसबिरीवर. एकदा तसबिरीकडे पाहिलं, एकदा मिस्त्रीकडे, आणि खिशातून रुमाल काढून तो कपाळ पुसू लागला. घासघासून पुसू लागला.

मी तिथेच उभा होतो.  त्याच्या पांढऱ्या बुटांकडे पाहत राहिलो.

मिस्त्री शांतपणे उठला. एका चिंधीवर घासलेट ओतलं आणि चिंधी पुढे केली. "रुमाल से नहीं जाएगा साहब. तेल वाला है. मिट्टी तेल लगता है." आणि त्या माणसाला ती चिंधी घ्यावी लागली. कपाळाला घासलेट चोळत तो उभा राहिला. इकडे मिस्त्री क्राऊन फिरवत होता. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली, "या भाऊ, पाहा. बसला." प्रत्येक दाताच्या बरोबर मध्यावर शेंदूर पुसून पोलाद चमकत होतं. असं सुंदर काम मी जन्मात थोडंच पाहिलं आहे.

दोन दिवसांनी पोरगा नाचत आला. काटा एकशे चाळीसच्या वर गेला म्हणे! मिस्त्री म्हणाला, "काँटा भागा भैया, गाड़ी नहीं." डिफ्रेंशलचं गणित बदललं की काटा वाढवून दाखवतो, हे त्याने पोराला जमिनीवर खडूने मांडून दाखवलं. पोराचं तोंड उतरलं. तसं पाहिलं तर पोरगा वाईट नव्हता, लाडावलेला होता. पण त्याला धूर हवा होता, आणि मिस्त्रीच्या कामात धूर निघत नव्हता.

महिन्याभराने नव्या राजधानीच्या रस्त्यावर, एका गोल चौकाच्या वळणावर, ती गाडी घसरून दुभाजकावर चढली आणि उलटली. पोराचा खांदा मोडला. बाकी कोणाला लागलं नाही, नशीब. बापाने दवाखान्यातूनच सगळीकडे सांगायला सुरुवात केली, "मिस्त्री ने बर्बाद कर दी." आणि तपासणीला मी.

गाडी आमच्या यार्डात आणली होती. मिस्त्री सायकलवर आला. आत येऊ देईनात, म्हणून फाटकाच्या बाहेर उभा राहिला. मला म्हणाला, "भाऊ, मी तुम्हाले काही म्हणत नाही. फक्त उघडून पाहा. उघडसान तर तुम्हाले समजन."

तो गेल्यावर मी उघडायला लावलं. क्राऊन-पिनियनचे दात जसेच्या तसे, एकालाही ओरखडा नाही. आणि आतल्या डबीत, जिथे चाकांना आपापल्या चालीने फिरायची मोकळीक मिळते, तिथे वेल्डिंग. कोंबडीने हगल्यासारखे लोखंडाचे गोळे. कुठल्या तरी वेल्डिंगवाल्याकडून पोराने आपला धूर मिळवला होता. वळणावर चाकं एकमेकांना बांधलेली, गाडी घसरणार नाही तर काय! मी फोटो काढले. इथवर मी माणसासारखा वागलो.

मॅनेजरांनी फोटो पाहिले आणि टेबलावर पालथे घातले. "वेल्डिंग लिख दोगे तो क्लेम गया. और ये पार्टी भी गई. इतना ही लिखो कि डिफ्रेंशल का काम हाल में हुआ था, काम में खराबी थी." मग जरा थांबून, खिडकीबाहेर पाहत, "जगदलपुर ऑफिस में सर्व्हेअर की जगह खाली है, सुना आपने?" जगदलपूर म्हणजे तीनशे किलोमीटर लांब, आणि माझ्या मुलीचं ते बारावीचं वर्ष होतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. नाही, सबब म्हणूनच सांगतो. मी त्यांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं आणि सही केली. बायकोने विचारलं, आज जेवत का नाही? पोट बरं नाही म्हणालो. त्या सहीची मला आजही किळस येते, अगदी अंगावर पाल पडल्यासारखी.

ठेकेदाराने त्या रिपोर्टच्या प्रती काढून वाटल्या. ज्या दोन-तीन सरकारी कार्यालयांच्या जीपा मिस्त्रीकडे यायच्या, त्या बंद झाल्या. मग टॅक्सीवाले बंद झाले. विमा कंपनीनेच लिहून दिलंय म्हटल्यावर कोण येणार? वर्षाच्या आत गॅरेज उठलं. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं होतं. लांबचा वळसा घालायचो.

त्या सहीनंतर दोनेक वर्षांनी एका मोटारींच्या शोरूममध्ये कामानिमित्त गेलो. काचेचं दार एका वर्दीवाल्याने उघडलं. वर्दीची कॉलर गळ्याभोवती सैल. मी आत शिरणार तोच तो म्हणाला, "कसे आहा भाऊ?"

मिस्त्री होता तो. म्हटलं, "बरा आहे. तुम्ही?"

"हव, चालू आहे." हातातली दाराची मूठ त्याने सोडली नाही. "पोरगी काय करून राह्यली तुमची?"

"इंजिनिअरिंगला गेली."

"वा! मस्त झालं." त्याला खरंच बरं वाटलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "भाऊ, एक इचारू? राग नका मानू. तुम्ही ते उघडून पाह्यलं होतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. वेळ मिळाला नाही, वरून दबाव होता, न उघडताच लिहिलं, असं काहीही चाललं असतं. पण त्या प्रकरणात निदान एकदा तरी खरं बोलावं असं मला वाटलं. मोठा सत्यवादी!

"पाहिलं होतं," मी म्हणालो. "तुमचं काम अगदी चोख होतं."

त्याने दाराची मूठ सोडली. मग म्हणाला, "मी घरी सांगतलं होतं, भाऊनं उघडलंच नसन. उघडलं असतं तर त्यायनं असं लिवलं नसतं. दोन सालापासून हेच सांगून राह्यलो बायकोले."

तेवढ्यात बाहेर एक गाडी थांबली आणि तो दार उघडायला वळला.

आठ दिवसांनी मी मुद्दाम पुन्हा गेलो. काय बोलणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं. दाराशी दुसराच माणूस उभा होता. मी विचारल्यावर म्हणाला, "वो बाबा? वो तो छोड़ गए. बोले, यहाँ पहचान के लोग आते हैं."