आमच्या सायकलीवरचा सारस

भाव न करता सायकल घेणारा माणूस मी त्याच्या आधी कधी पायला नव्हता, म्हणून मले पयल्याच दिवशी शक आला. आमच्याकडं गिऱ्हाईक येते तं आधी सायकल उचलून पायते, टायर दाबते, घंटी वाजवते, महाग हाये म्हणते, निघून जाते, समोरच्या पानठेल्यावर उभा रायते अना मंग वापस येते. हा माणूस आला, मोटरसायकल दूर लावली, पायात चकचक बूट, अना म्हणे ही द्या. बसून पायलं नाही. पैडल फिरवून पायलं नाही. पक्कं बिल मांगलं, अना बिलावर आमच्या सायकलीचं नाव, सारस, टाका म्हणे. मंग मोबाइल काढला अना हँडलच्या खालच्या पाइपावरचा आमचा पक्षी जवळून, दुरून, तिरपा असा काढत बसला.

मी आतल्या दारात पोरीले पाजत बसली होती. मी आमच्या ह्यायले बोलावून म्हणलं, "हा माणूस सायकल घ्यायले नाही आला."

"मंग काय तुले पाहाले आला?" हे म्हणाले अना बिल फाडून देल्लं.

आमचं दुकान तुमसरच्या रस्त्यावर हाये. माझे सासरे, म्हणजे मामाजी, नागपूरवरून सुटे पाइप, चाकं, चैन असं आणत अना घरीच सायकल जोडत. तिले रंग देत अना समोर हिरव्या धानात उभा सारस काढत, लाल मुंडीचा, एक पाय वर घेतलेला. आमच्याकडं लग्नात जावयाले सायकल देत तं हीच देत, काहून का सारसाची जोडी धानाच्या बांधीत सोबतच हिंडते, एक मेला तं दुसरा खात नाही म्हणतात. चिखल्याच्या मँगनीज खाणीत ड्यूटीवर जाणारे लोकंही म्हणत, सारसची सायकल वजन झेलते. मामाजीले लकवा मारला तवापासून त्यायचा हात कापते. मंग पक्षी मी काढाले लागली. आठवीत शाळा सुटली माझी, पण ब्रश धरता येये. पोरगी पाळण्यात, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात, अना हातात हिरवा रंग, असं माझं चाले.

अना दसरा. दसऱ्याले आजूबाजूच्या गावचे लोक सायकली धुऊन आमच्या दुकानात पूजेले आणतात. मामाजी हार घालतात, कुंकू लावतात, अना त्या दिवशी फुकटात सारस काढून द्यायचा अशी त्यायची रीत. सायकल आमची असो का मोठ्या कंपनीची असो, मामाजी तिले पाव्हणी म्हणत. पाव्हणीले कुंकू नाही म्हणतात का कोणी? अना कुंकू लागते समोरच्या पाइपावर, जिथं कंपनीचा बिल्ला असते. तं मी त्या बिल्ल्यावरच रंग मारून वरतून सारस काढो. कोणाले त्यात काही वाटलं नाही. मलेही नाही.

तो बुटवाला येऊन गेल्यावर मोठ्या कंपनीची नोटीस आली. इंग्रजीत होती. ह्यायनं मोबाइलवर फोटो काढून माझ्या दिराले धाडला, काहून का भाऊजी त्या मोठ्या कंपनीच्याच शोरूमात कामाले हाये, तुमसरले. संध्याकाळी भाऊजी आले, खाटेवर बसले अना समजावून सांगाले लागले. मोठ्या कंपनीच्या बिल्ल्यावरही लंबी मान असलेला पक्षी हाये. त्यायनं तो सरकारात नोंदवला हाये. तुम्ही त्यायचा पक्षी चोरला, अना वरतून त्यायच्या सायकलीवरचा बिल्ला झाकून आपला पक्षी लावून राहिले, असं त्यायचं म्हणणं. सारस बंद करा, नाही तं कोर्ट, जप्ती, भरपाई.

"अना पोलीस?" मी इचारलं.

"येऊही शकते. नकली माल म्हणून गुन्हा होते ना." मंग हसले. "वहिनी, तुम्ही बी यात हाये. चित्र तं तुम्हीच काढलं."

ते हसले, हे हसले. मले नाही हसू आलं. माझी पोरगी तवा वरचं काहीच खाये ना, बाटली तोंडात घातली तं थुके. मले एकच दिसे, का जीप आली, बाई पोलीस उतरली, अना पोरगी पाळण्यात रडून राहिली. तिले कोण पाजंन? हे तं चहा पण उतू घालवतात.

त्या दिवसापासून मी रंगाचे डबे कोंड्याच्या पोत्यात लपवले. ब्रश चुलीत टाकला. नखातला हिरवा रंग काही केल्या निघे ना, राखेनं घासलं, लिंबानं घासलं. रस्त्यावर मोटरसायकल थांबली का मी पोरीले उचलून मागच्या आंगणात. शेजारीण साखर मांगाले आली तं मले वाटे साखर निमित्त हाये, ही पाहाले आली. पण खरा शक मले भाऊजीवर होता. घरचा माणूस त्यायच्या पगारावर. दसऱ्याले इथंच होते, मले सायकली आणून देत होते, कोणत्या सायकलीवर काय काढलं हे बाहेरच्याले कसं कळलं? मी ह्यायले म्हणलं.

"तुझं डोस्कं फिरलं," हे म्हणाले. "भाऊ हाये तो माझा."

"म्हणून तं म्हणून राहिली."

त्यावर हे जेवता जेवता उठून गेले. तरी भाऊजी आले का मी चहा द्यावो, पण त्यायच्यासमोर नोटिशीचा शब्द काढो ना. ते इचारत, वकील काय म्हणे? मी म्हणो, मले काय समजते त्यातलं.

भंडाऱ्याच्या वकिलाकडं मी पोरीले घेऊन ह्यायच्या सोबत गेली होती. मामाजीही आले. मामाजी सांगून राहिले, साहेब, त्यायचा पक्षी उडते, आमचा उभा रायते. त्यायचा पांढरा, आमच्याची मुंडी लाल. आमचा सारस हाये, त्यायचा काय हाये त्यायलेच ठाव. वकील ऐकत होता, मंग म्हणाला, "बाबा, पक्षी कोणता हाये हे नाही पाहत. रस्त्यानं जाणाऱ्या गिऱ्हाइकाले दोन्ही एकच वाटते का, हे पाहतात. अना त्यायच्या बिल्ल्यावर तुम्ही आपला पक्षी काढून ठेवला, हे मी कोर्टात काय म्हणून सांगू?"

"पाव्हणी म्हणून," मामाजी म्हणाले.

वकील हसला नाही. म्हणाला लढता येते, तुमचा जुना वापर हाये, पण सालोसाल लागतील अना दुकान त्यात जाईल. नाही तं लिहून द्या का पक्षी सोडला, ते केस सोडतील. मी तवा कशी बोलली मालूम नाही, पण बोलली, "अना ज्यानं काढला त्याले नेत नाहीत ना?" वकिलानं माझ्याकडं पायलं, पोरीकडं पायलं. "लिहून देल्लं तं नाही नेत बहुतेक," म्हणाला. बहुतेक. मी तो शब्द तुमसरपर्यंत बसमध्ये चघळत आली.

दुसऱ्या हप्त्यात माझा बाप आंबागडवरून आला. तो नेहमी सायकलनं येते, कैरिअलवर माझ्यासाठी काही ना काही बांधून. त्या दिवशी पायी आला, वाटेत कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून.

"बाबा, सायकल कोठी हाये?"

"अवो तिचा जोड उखडला ना बाई, बसायच्या खालचा. कंपनीची हाये, नवी हाये, म्हणून शोरूमात नेली. तं तो मॅनेजर म्हणे, ही आमची नाही. मी म्हणलं तुमचीच हाये बापा, वर माझ्या पोरीनं सारस काढला हाये तेवढाच, दसऱ्याले काढते ती, साऱ्यायच्या सायकलीवर. त्यानं फोटो गिटो काढला, नाव गाव इचारलं, दुकान कोणतं इचारलं. चहा पाजला. चांगला माणूस. पण जोड काही करून देल्ला नाही."

"कवा नेली होती?"

"दिवाळी झाल्यावर. तुले सांगतलं नाही का?"

बुटवाला आला तो दिवाळी झाल्यावरच. मी बापाच्या ताटात भात वाढत होती, तो तसाच हातात राहिला. सगळ्यात पयला सारस त्या दसऱ्याले मी बापाच्याच सायकलीवर काढला होता, अना जास्त जीव लावून. मी त्याले काही सांगतलं नाही. ह्यायले सांगतलं, तं हे म्हणाले, "आता माझ्या भावाले काय म्हणशील?" मी भाऊजीले काहीच म्हणलं नाही, पण त्यायच्या चहात आता साखर नीट टाकतो.

शेवटी लिहून देल्लं. मामाजीनं अंगठा नाही लावला, कापत्या हातानं सही केली, तिले बहुत वेळ लागला. मंग कंपनीचा माणूस पाहाले येणार होता का पक्षी खरंच पुसले का नाही. आला तो तोच. तेच बूट. मी थिनरमध्ये फडका बुडवून दुकानातल्या सायकलीवरचे सारस पुसून राहिली होती, लाल मुंडी आधी जाये, पाय शेवटी. तो उभा राहून मोबाइलवर काढत होता. मंग त्यानं इचारलं, "चित्र कोण काढायचं?"

हे बिलाचं पुस्तक चाळाले लागले. भाऊजीही होते, ते रस्त्याकडं पाहाले लागले. मी फडका तसाच धरून ठेवला.

"मी," मामाजी म्हणाले, अना हात समोर केला. तो हात असा कापत होता का त्यात चहाची कपबशी देल्ली तं अर्धी सांडली असती. त्या माणसानं मामाजीचा हात पायला. मंग माझी बोटं पायली, नखात हिरवा होताच.

"ठीक हाये," म्हणाला. बसला. चहा पेला. गेला.

काहून चूप राहिला तो, मले अजून समजलं नाही. दया आली असंन, असं हे म्हणतात. मले नाही वाटत. मले वाटते त्यानं मनात ठेवलं हाये कुठं तरी. आता आमच्या सायकलीवर काहीच नसते, नुसता पाइप. दसऱ्याले लोकं येतात, मामाजी कुंकू लावतात, अना जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, बाई, एक सारस काढून दे ना, कोण पाहते? मी त्यायचं तोंड नीट पाहून घेतो अना म्हणतो, मले येत नाही.

बापाची सायकल राहिलीच पुसायची. मी म्हणलं आणा, तो आणत नाही. गावातल्या लोहाराकडून जोड मारून घेतला त्यानं, पण तुमसरकडं चालवत नाही. आता येते तं आटोनं येते. मागच्या बाजाराच्या दिवशी आला तं मी त्याले मागच्या आंगणात नेलं अना हळूच इचारलं, "कोठी ठेवली?"

"घरात, धान भरून ठेवाच्या ढोलीमागं."

"झाकली?"

"तुझ्या मायच्या लुगड्यानं."

"पूरी झाकली? मुंडी दिसत नाही ना?"

"नाही दिसत बाई," बाप म्हणाला. मंग म्हणाला, "पाय दिसते थोडासा."