आधी चेहरे

हार्ड डिस्क हातात आली की चाचा आधी ती कानाला लावायचे. मग म्हणायचे, "दम धरा, ताई." स्वतःला दम अजिबात नव्हता. काम सुरू झालं की दर दोन मिनिटांनी उठायचे, रस्त्यावर डोकवायचे, परत येऊन स्क्रीनकडे बघायचे.

बारामतीत स्टँडजवळ त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. माझं निमगाव केतकीत फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान. तुमच्याही चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स असतीलच. त्यावर शुभेच्छुकांची पन्नास डोकी असतात. ती कापून चिकटवणारी बाई म्हणजे मी.

ऐन लग्नसराईच्या तोंडावर माझी डिस्क टकटक वाजायला लागली. सीपीयू मांडीवर घेऊन मी एसटीनं गेले. नवी एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, मीच मागवून ठेवली होती. जुनीवरचं सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवायचं, म्हणजे क्लोन करायचा, एवढंच काम. चाचांनी दोन्हींवरचे आकडे वाचले आणि हसले.

"ट्रॉलीचा ऊस रिक्षात भरायचा म्हन्ता व्हय?"

जुनी हजार जीबीची, त्यातली तीनशे भरलेली. नवी अडीचशेचीसुद्धा नाही. काहीतरी काढल्याशिवाय क्लोन होणार नव्हता, आणि जुनी किती वेळ तग धरेल याचा भरवसा नव्हता.

"फ्लेक्स उडवा," मी म्हटलं. "पत्रिकांचे नमुने वाचले पाहिजेत. माझं पोट त्यावर आहे."

त्यांनी फ्लेक्सचं फोल्डर उघडलं. "हे कोन?"

"पिंपळीचे तात्या. वारले."

"आन् हे?"

"तेही."

"घरी दुसरा फोटू असंल ह्यांचा?"

"आधार कार्डावरचा असेल. उडवा, चाचा, वेळ जातोय."

माऊसवरचा हात काढून ते उभेच राहिले. "मी न्हाय दाबनार. तुमी दाबा."

मी माऊस धरला. बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही. चिडून म्हटलं, "करा मग काय करायचं ते!"

त्यांनी स्वतःची एक जुनी डिस्क काढली आणि आधी ते चेहरे तिच्यावर हलवले. त्यात दोन तास गेले. मग क्लोन लावला. ते दारात, मी खुर्चीत. मग मी दारात, ते खुर्चीत. साठ टक्क्यांवर आकडा थांबला. जुन्या डिस्कची टकटकही थांबली.

"चेहरे वाचले, ताई."

"चेहऱ्यांचं काय लोणचं घालू?"

मी त्यांची डिस्क उचलली, माझ्या दोन्ही तिथंच टाकल्या आणि निघाले. नंतर त्यांचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. पत्रिका पुन्हा पहिल्यापासून जुळवत होते.

चार महिन्यांनी तात्यांची मुलगी आली. भिंतीवर लावायला घरी एकही धड फोटो नव्हता. चाचांच्या डिस्कवरचा काढून मी मोठा करून दिला. ती नुसती बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी बारामती गाठली.

शटर बंद होतं. शेजारच्या चहावाल्याला मी नाव सांगितलं, तसा तो म्हणाला, "चाचा गेलं की. म्हैना झाला. आजारी हुतं तरी रोज तुमची डिस्क लावून बसायचं. बसायचं कसलं, येरझाऱ्या घालायचं."

त्यानं कागदात बांधलेलं पुडकं दिलं. आत माझ्या दोन्ही डिस्क आणि एक चिठ्ठी. "पत्रिका निघाल्या. नीट बघून घ्या. बघितल्याशिवाय जुनी टाकू नका."

दुकानात येऊन एसएसडी लावली. एकूण एक नमुना जागेवर होता. सांगायला त्यांचा नंबर काढला, आणि फोन खाली ठेवला.