मागच्या चाकाची वेल

लिंबागणेशात गणपतीच्या देवळाकडं जाताना डाव्या हाताला एक पत्र्याची खोली लागते. तिच्यावर पाटी आहे. 'बबिता लेडीज टेलर अँड डिझाय' एवढं एका ओळीत, आणि उरलेलं 'नर' खालच्या ओळीत. पेंटरचा जागेचा अंदाज चुकला होता. पाटी लागली त्या दिवशी बबितानं रस्त्यापलीकडं जाऊन, मान तिरकी करून ती वाचली आणि स्वतःच्या या नव्या पदवीवर पोट धरधरून हसली. दुरुस्त करून घ्यायचं तिच्या मनात होतं. पण तोवर गावातल्या बाया 'नराकडं टाकलंय ब्लाऊज' म्हणायला लागल्या होत्या. जाहिरात होऊन गेली, आता कशाला खर्च, म्हणून पाटी तशीच राहिली.

बबिता स्वतःला आर्टिस्ट समजायची. अर्थात मनातल्या मनात. उघड म्हणायची सोय नव्हती, कारण सासू मनकर्णाबाई दिवसभर मशीनच्या शेजारीच बसलेली असायची. नवरा सोमेश्वर शेरडं-मेंढरं घेऊन सकाळीच रानात जायचा. माहेरी गेवराईला असताना बबितानं शिवणाचा क्लास केला होता. तिथल्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, "बबिता, सरळ टीप मारायला तुझा हात चांगला आहे." त्यातलं 'हात चांगला आहे' एवढंच बबितानं जपून ठेवलं आणि सरळ टीप मारणं सोडून दिलं.

तिच्या डोळ्यांना एक खोड होती. जे दिसेल त्याचा गळा नाहीतर बाही व्हायची. भेंडी चिरता चिरता ती हात थांबवून चकतीतली चांदणी बघत बसायची आणि इकडं तव्यावरची भाकरी करपायची. काळ्या घोंगडीवर लाल मिरच्या वाळत घातल्या की तिला तो काळा-लाल मेळ बाहीवर दिसायला लागायचा. मनकर्णाबाईला हे काही कळत नसे. एकदा तिनं विचारलंच, "बये, कापड चांगलं धड असताना ते कापून पुन्ना जोडतीस कावून?"

"डिझाइन असतंय आत्याबाई ते."

"आमी फाटल्यावर जोडायचो. त्याला ठिगळ म्हनायचे."

बबिता पुन्हा मशीन चालवायला लागली. सासूच्या बोलण्याला पुरावे होते. शाळेतल्या मोहिनी मॅडमच्या पाठीवर तिनं हौसेनं जिलेबी काढली होती, केशरी पायपिनची, म्हणजे कापडाच्या बारीक गोटाची, वळणावर वळण घेत गेलेली. मॅडम फळ्यावर लिहायला वळल्या आणि दुसरीतलं एक पोरगं ओरडलं, "मॅडम, गांडूळ!" बायनाबाईच्या ब्लाऊजला तिनं कळपातल्या चित्री शेळीचा रंग दिला, काळ्यावर तांबूस आणि पांढरे तुकडे. बायनाबाई ते घालून दारावरून गेली तेव्हा सोमेश्वरनं घाबरून कळप मोजला. बबितानं हे सगळं स्वतःच चार जणींना रंगवून सांगितलं. आपली फजिती दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा आपण सांगितलेली बरी, निदान नीट तरी सांगितली जाते, असं तिचं म्हणणं.

अशा या आर्टिस्टच्या दारात एक दिवस विठ्ठलरावांची जीप थांबली. विठ्ठलराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार. पंचायतीपासून सोसायटीपर्यंत त्यांच्या शब्दाला मान. जीपमधून त्यांच्या पत्नी गीताबाई आणि लेक सायली उतरल्या. सायलीचं लग्न ठरलं होतं. एरवी गीताबाईंची शिलाई बीडला जायची, पण ऐन लग्नसराईत तिथल्या टेलरनं हात वर केले होते.

"शालू जांभळा हाय," गीताबाई म्हणाल्या, "ब्लाऊज हिरवं. पाठीवर असं पाहिजे का आजवर कुणाच्याच पाठीवर नसंल."

"हाय ना काकू. डोक्यात हाय," बबिता म्हणाली.

डोक्यात काहीही नव्हतं. जीप गेल्यावर तिनं डोकं चाचपून पाहिलं, तर नुसता पिनांचा गुच्छ हाताला लागला. पुढचे दिवस तिनं मोर काढले, कमळं काढली, कोयऱ्या काढल्या. ते सगळं हरेक पाठीवर होतं. मोर तर इतके झाले होते की तिला मोराचाच राग यायला लागला.

मग एका दुपारी ती सोमेश्वरची भाकर घेऊन रानात निघाली. विठ्ठलरावांच्या गव्हाला पाणी दिलेलं होतं. त्यांचा ट्रॅक्टर ओल्या बांधावरून वर चढला आणि डांबरी रस्त्यावर चिखल उमटवत निघून गेला. बबिता दोन पावलं पुढं गेली आणि थांबली. रस्त्यावर वेल पडली होती. मधून सरळ देठ, दोन्हीकडं तिरकी, जाड, एकाआड एक पानं. काळ्या डांबरावर तांबूस चिखलाची. कुठं मोर नाही, कुठं कोयरी नाही. ती भाकरीचं फडकं तसंच रस्त्यात ठेवून गुडघ्यावर बसली आणि पानं वितीनं मोजायला लागली.

सोमेश्वर कळप सोडून धावत आला. "काय हुडकायलीस? काय पडलं?"

"काई पडलं न्हाई. घावलंय."

"हे? हे तर टायर हाय."

"तुमाला टायर दिसतंय," बबिता म्हणाली. हे वाक्य बोलताना आपण फार मोठ्या झालो असं तिला वाटलं. तेवढ्यात मागून एक शेळी आली आणि फडक्यातली भाकर घेऊन गेली.

ब्लाऊज मात्र खरंच जमलं. गर्द हिरव्या रेशमावर मानेपासून कमरेपर्यंत सोनेरी पायपिनचा देठ, आणि दोन्हीकडं तिरकी, भरीव पानं, आतून कॅनव्हास लावून उठवलेली. सायली आरशासमोर पाठ करून, मान वळवून वळवून बघत राहिली. बबितानं तोंडात पिना धरल्या होत्या म्हणून बरं, नाहीतर ती मोठ्यानं हसली असती.

गीताबाईंनी पानांवरून बोट फिरवलं. "लई भारी. कुठलं गं हे डिझाइन?"

खरं सांगायचा तोच क्षण होता. पण समोर एवढं रेशीम, एवढी मोठी बाई, आणि आपण सांगायचं चिखल? बबितानं पिना काढल्या. "हैदराबादी हाय काकू. नवाबी वेल म्हणतेत."

"नवाबी वेल!" गीताबाईंनी ते नाव असं उच्चारलं, जणू त्यांच्या माहेरचंच कुणी असावं.

लग्न बीड रोडच्या मंगल कार्यालयात झालं. नवरदेवाकडचे लोक गेवराईचे होते. अक्षता पडताना सगळा मांडव नवरीचं तोंड बघत होता, बबिता एकटी तिची पाठ बघत होती. त्यासाठी तिनं मागं पंख्याजवळची जागा धरली होती. बाया नवरीच्या मागून जाताना थबकायच्या, गीताबाई सांगायच्या, "नवाबी वेल हाय." बबिताला वाटायचं, आता पाटीसुद्धा बदलावी, निदान एका ओळीत आणावी.

पंगतीत सोमेश्वर बसला होता. शेजारी नवरदेवाचे मामा पंडितराव. ते भाताचा घास घेत म्हणाले, "तुमच्या गावात नवाबी काम करणारं कुणी हाय म्हणं?"

सोमेश्वर साधा माणूस. बायकोचं कौतुक परक्या तोंडून ऐकून त्याला भरून आलं. "कशाचं नवाबी वो! माझी बायको हाय ती. अन ते टायर हाय, ट्रॅक्टरचं. मागचं चाक. मी सोता हुतो की तिथं."

पंगतीतली बातमी वाढप्याच्या आधी पोचते. मठ्ठा शेवटच्या पानापर्यंत जायच्या आत 'टायर' स्टेजवर पोचलं होतं. गीताबाई पंख्याकडं चालत येताना दिसल्या तेव्हाच बबिता पंख्याच्या आडोशाला सरकली.

"बबिता, माझ्या पोरीच्या पाठीवर टायर हाय?"

"टायर न्हाई काकू," बबिता म्हणाली. "टायरचा... छाप हाय."

छाप म्हटल्यानं गुन्हा हलका होईल असं तिला का वाटलं, हे तिला पुढं कितीही आठवून कळलं नाही.

तेवढ्यात विठ्ठलराव आले, मागं व्याही. "कुणाचं टायर?" त्यांनी विचारलं.

"आपलंच, मालक. गव्हाच्या रानातलं," बबिता म्हणाली.

विठ्ठलराव असे हसले की सनईवाल्यानं वाजवायचं थांबवलं. "बघा पाव्हणं," ते व्याह्यांना म्हणाले, "पोरगी तर दिलीच, आमचं ट्रॅक्टर बी तिच्यासंगं नांदायला निघालंय!"

मांडव हसला. स्टेजवरून सायलीनं मान वळवून विचारलं, "बबिताताई, मागचं का पुढचं?"

"मागचं."

"मंग बरंय. पुढचं चाक मला शोभलं नसतं."

गीताबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या वळल्या आणि निघून गेल्या. बबिता जेवायला न थांबता घरी आली.

सोमेश्वर मागोमाग आला, उंबऱ्यातच उभा राहिला. "मला वाटलं तुझं नाव व्हईल."

"झालं की," बबिता म्हणाली. तिला त्याच्यावर चिडायचं होतं, पण त्याच्या शर्टावर मठ्ठा सांडलेला होता आणि चेहरा असा पडलेला होता की राग धरताच येईना.

मनकर्णाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्यो खरंच बोलला की. तू नवाब कावून आनला मधी?"

हे मात्र बबिताला लागलं. रात्रभर नाही, ती झोपेची पक्की होती, पण सकाळी मशीनवर बसल्यावर लागलं. चिखलात वेल पाहिली ती तिनं. वितीनं मोजली तिनं. आणि कुणी विचारल्यावर एका हैदराबादच्या नवाबाला देऊन टाकली, ज्याला तिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं. म्हणे आर्टिस्ट! आपल्या कामाच्या बापाचं नाव सांगायला लाजणारी आर्टिस्ट. तिनं कपाळाला हात लावला आणि एकटीच हसली, जरा कडवट.

पुढं झालं ते तिच्या कल्पनेबाहेरचं होतं. बाया टायर मागायला आल्या. लिंबागणेशच्या, मग आजूबाजूच्या गावांतल्या. एक तर पार दिंद्रुडहून आली. "ट्रॅक्टरचं नको ताई," ती म्हणाली, "माझा खांदा अरुंद हाय. मोटारसायकलचं बारीक टाक." विचारेल तिला बबिता आता सरळ सांगायची, चिखलात घावलं म्हणून. पण टायरं शिवून शिवून तिला टायरांचाही मोराइतकाच कंटाळा आला. गीताबाई मात्र आल्या नाहीत. त्यांची शिलाई पुन्हा बीडला गेली. देवळात दिसल्या तर त्या घंटेकडं बघायच्या.

उन्हाळा सरत आला तेव्हा त्या आल्या. चालत आल्या, हातात पिशवी. "बीडवाल्यानं मुंढ्यात आवळून ठेवलंय, हात वर व्हईना. हे दुसरं कापड. एकदम साधं शिव. डिझाइन नको."

"बरं काकू."

बबितानं साधं शिवलं. क्लासनंतर पहिल्यांदाच तिनं पाठभर सरळ टीप मारली. तिचा हात दर चार बोटांवर वळायला बघायचा, ती त्याला दाबून धरायची. मनकर्णाबाई म्हणाली, "बरं वाटंना का?"

गीताबाई न्यायला आल्या. दारातल्या बाजेवर बसल्या. ब्लाऊज उलटं केलं, सुलटं केलं, पाठ उन्हाला धरली. मुंढा ओढून बघितला.

"बसलंय चांगलं," त्या म्हणाल्या. मग पुन्हा पाठ उलगडून, "पण हे लईच साधं झालं की गं."

"तुमीच म्हणालात, काकू."

"म्हणले व्हते." त्यांनी ब्लाऊज मांडीवर ठेवलं. बोलता बोलता त्यांचं बोट बाजेच्या सुतळीवरून फिरायला लागलं. एक पट्टी वर, एक पट्टी खाली, मधे तिरका चौकोन. बोट चौकोनाच्या कडेनं फिरून परत तिथंच आलं. "सायली आली व्हती परवा. सासरच्या बाया सगळ्या तसलंच पाहिजे म्हणून तिच्या पाठीमागं लागल्यात म्हणं." बोट पुन्हा फिरलं. "हे असं... पाठीवर कसं दिसंल गं?"

बबितानं गळ्यातली टेप काढली. "काकू, जरा उठा. माप घ्यायचंय."

"माझं? माप हाय की तुझ्याकडं."

"तुमचं न्हाई. बाजेचं."