शोभाचं काचेचं ताट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाचा फ्लॅट विकायला निघाला, सगळं लोकांना माझ्याकडूनच कळायचं. ही एवढी एकच गोष्ट मी आत दाबून धरली.

गोष्ट एका ताटाची आहे. काचेच्या. हसू नका — म्हणजे हसलात तरी चालेल, पुढे हसू येणार नाही.

लग्नानंतर बरीच वर्षं मी साकीनाक्याला एका गाळ्यात पॅकिंगला होते. उष्णता सोसणाऱ्या काचेची भांडी आम्ही पुठ्ठ्यात बांधायचो. आधी नुसती प्रयोगशाळेतली — चंचुपात्रं, नळ्या — आणि मग मालकांनी स्वयंपाकघरातली सुरू केली. वाडगे, ताटं, झाकणाची भांडी. गिऱ्हाईक आलं की मालक फ्रीजमधला गार वाडगा काढून त्यात उकळतं पाणी ओतायचे. बायका डोळे घट्ट मिटून घ्यायच्या. वाडग्याला काही व्हायचं नाही. मी शंभरदा पाहिलं असेल ते, तरी दरवेळी काम थांबवून बघायचे.

त्या काळात आपल्याकडे काच म्हणजे शोकेसची धन. कुणाचा दीर दुबईहून काचेचा वाडगा आणायचा आणि तो वाडगा जन्मभर बाहुलीशेजारी बसून राहायचा. लग्नात आलेला सेट खोकं न उघडता पुढच्या लग्नात जायचा. विस्तवाजवळ काच न्यायची कुणाची छाती होती? घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी बायकांना सांगून सांगून दमले — ओव्हनमध्ये ठेवा, चालते. थेट गॅसच्या ज्योतीवर नको. तापलेली ओल्या ओट्यावर टेकवू नका. कुणी ऐकलं नाही. मग मायक्रोवेव्ह आले आणि त्याच सगळ्याजणी मला काचेत भात गरम करायला शिकवू लागल्या. सांगायचं काय, तर काचेतलं मला कळत होतं. कळत नसतं तर पुढचं घडलं नसतं, असं मला वाटतं.

शोभा आमच्या समोरच्या दारात राहायची. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. मूळची सांगलीकडची, बौद्ध. हे मुद्दाम लिहावं लागतंय, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. आम्ही मालवणकडचे, सासरे गिरणीतून निवृत्त झालेले, सासूबाई देवाधर्माच्या. शोभाची आणि माझी पहिल्याच महिन्यात गट्टी जमली. ती बोलायची कमी, मी जास्त, म्हणून जमली असेल. माझ्या मुलाचं गणित तिनेच वर काढलं. नवरा अपेंडिक्सला दवाखान्यात पडला, तेव्हा मुलगा आठवडाभर तिच्याकडे जेवला, तिच्या मुलीशेजारी बसून. सासूबाई तेव्हा गावी होत्या, त्यांना मी सांगितलं की खानावळीतून डबा आणते. म्हणजे बघा, खोटं बोलायची सवय तेव्हाच लागली होती.

शनिवारी तिची शाळा अर्धा दिवस, माझंही काम अर्धा दिवस. एका शनिवारी मी तिला जेवायला थांबवलं. साधंच — सोलकढी, भात, बांगड्याचं तिखलं. ती जेवून गेली आणि सासूबाईंनी तिचं स्टीलचं ताट बोटाने मोरीच्या कडेला सरकवलं. आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवायच्या नाहीत.

"तिका वाढू नको असा मी म्हणूक नाय," त्या म्हणाल्या. "पण आपल्या ताटात नको गो."

इथे थांबले असते तर बरं होतं. कारण इथपर्यंत दोष त्यांचा आहे, आणि मी कित्येक वर्षं स्वतःला इथपर्यंतच सांगत आले. घर त्यांचं, मी सून, मी काय करणार होते? जुनी माणसं, त्यांना कोण बदलणार? ऐकायला किती बरं वाटतं ना?

पण त्यांनी फक्त 'नको' म्हटलं होतं. पुढची सगळी अक्कल माझी.

सोमवारी गाळ्यातून मी सेकंडचा माल घेऊन आले. एक ताट, दोन वाट्या. ताटाच्या काठाला काचेत एक बारीक बुडबुडा राहिला होता, म्हणून स्वस्तात मिळालं. सासूबाईंना दाखवलं. म्हटलं, आई, ह्या काचेला काही चिकटत नाही, काही शिरत नाही, आणि ती जेवून गेली की वरून उकळतं पाणी ओतायचं. साधी काच तडकेल, ही सोसते. सासूबाईंनी ताट उजेडाकडे धरून पाहिलं आणि हुशार गो माझी सून, असं म्हणाल्या. त्या सहसा कुणाचं कौतुक करायच्या नाहीत. मला बरं वाटलं. तेच मला आजही टोचतं — मला बरं वाटलं होतं. फळीवर एका कोपऱ्यात त्या ताटाला जागा केली, बाकीच्या भांड्यांपासून वीतभर लांब.

आणि शोभाला काय सांगितलं? तू आमची मास्तरीण, हे मानाचं ताट तुझं. तिने पहिल्यांदा खूप आढेवेढे घेतले, मलाही स्टीलच दे गं म्हणाली. मी ऐकलं नाही. मग तिला ते आवडू लागलं. तिने शाळेत सांगितलं, बहिणीला सांगितलं — माझी शेजारीण स्वतः स्टीलमध्ये जेवते आणि मला काचेत वाढते. तिची बहीण एकदा पुण्याहून आली होती, ती जिन्यात मला थांबवून म्हणाली, ताई, तुमच्यासारखी माणसं मिळायला भाग्य लागतं. मी काय केलं असेल? हसले. चहाला या म्हटलं.

तिच्या घरी मात्र माझे उपवास असायचे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, आणि ते पुरले नाहीत तर पित्त. बुद्धपौर्णिमेला ती खीर पाठवायची, मोठा डबा भरून. मी तो तसाच खाली वॉचमनला द्यायचे, डबा घासून त्यात साखर घालून परत करायचे — रिकामं भांडं परत देऊ नये, एवढी रीत मी पाळत होते — आणि खीर काय झकास झाली होती म्हणून सांगायचे. पुढच्या वर्षी ती वेलची जास्त घालायची, मला आवडते म्हणून.

मग सासूबाई गेल्या. आता खरं सांगण्यासारखं इथून सुरू होतं. घर माझं झालं. देव माझ्या हातात आले, चाव्या माझ्या कमरेला. बोटाने ताट सरकवणारं कुणी राहिलं नाही. आणि शनिवारी शोभा आली की माझा हात त्याच कोपऱ्याकडे जायचा. ती गेली की मी पाणी उकळायला ठेवायचे.

का? विटाळबिटाळावर माझा विश्वास होता का? अजिबात नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी जातीवरून बोललं तर मी तोंडावर फाडफाड बोलून मोकळी व्हायचे. साकीनाक्याला आम्हा बायकांचे डबे एकत्र उघडायचे, कुणाची भाजी कुणाच्या पोळीत जायची याचा पत्ता नसायचा. मग माझ्याच स्वयंपाकघरात मला काय व्हायचं? वर्षभर मी ते केलं, आणखीही केलं असतं.

त्या शनिवारी ती जेवून गेली आणि चष्मा विसरली. आमच्या मजल्यावर दारं दिवसा उघडीच असायची. ती परत कधी आत आली, मला कळलंच नाही. मी सिंकपाशी होते. माझं खरकटं स्टीलचं ताट बाकीच्या भांड्यांत पडलं होतं. तिचं ताट, तिच्या दोन वाट्या, तिचा चमचासुद्धा — वेगळं, दुसऱ्या बाजूला. मी पक्कडीत पातेलं धरून त्यावर उकळतं पाणी ओतत होते. वाफ तोंडावर येत होती. मान वळवली तर ती दारात.

ती शिकलेली बाई. तिला सांगायची गरज नव्हती. तिने ताटाकडे पाहिलं, मग फळीवरच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती त्या स्वयंपाकघरात येत होती. तो कोपरा तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला असावा. मी काहीतरी बोलायला हवं होतं ना? तेलकट झालं होतं गं, म्हणाले असते. खोटं तर खोटं. पण माझं तोंड उघडेना — माझं.

"हात भाजेल गं तुझा," ती म्हणाली.

एवढंच. टेबलावरचा चष्मा घेतला आणि गेली. दार तिने जाताना ओढून घेतलं.

पुढच्या शनिवारी ती आली. मी पान वाढायला उठले, तर म्हणाली, आज पोट ठीक नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी शाळेत खाऊन आली होती. नंतर मी विचारायचं सोडलं आणि तिने कारणं द्यायची सोडली. पण यायची. बसायची, बोलायची, माझी बडबड ऐकायची. तहान लागली की पिशवीतली स्वतःची बाटली काढायची. माझ्या घरातलं पाणीसुद्धा तिने पुन्हा प्यायलं नाही, आणि ते इतक्या सहज, की माझ्या नवऱ्याच्याही लक्षात आलं नाही. मी काय केलं? जास्त बोलू लागले. जास्त हसू लागले. ताट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं, म्हणजे संपलं असं मला वाटलं असेल.

बिल्डिंग पुनर्विकासाला गेली तेव्हा शोभाने बदलापूरला घर घेतलं आणि मला जेवायला बोलावलं. मी जाताना ठरवून गेले होते. आज बोलायचं, पाय धरायचे, काय म्हणायचं ते तिला म्हणू द्यायचं. उपवासाचं नावसुद्धा काढलं नाही. तिने पाटावर बसवलं आणि स्टीलचं ताट पुढे ठेवलं. काठावर तिच्या आईचं नाव कोरलेलं होतं.

"तुला काच नाही बाई माझ्याकडे," ती म्हणाली. "आमच्यात सगळ्यांना हीच."

टोमणा होता का? मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. नव्हता. ती वांग्याचं भरीत वाढत होती, आणखी घेणार का विचारत होती. इतक्या वर्षांच्या शेजारात मी तिच्या हातचं पहिल्यांदा जेवत होते. चांगलं होतं. खीरही केली होती. वेलची जास्त होती, आणि ती कुणासाठी जास्त होती ते मला माहीत होतं. मी ताट स्वच्छ केलं.

मग ती भांडी घासायला उभी राहिली. माझं ताट तिच्या ताटावर, त्यावर तिच्या नवऱ्याचं, त्यावर मुलीचं. एकाच घासणीने, नळाच्या गार पाण्याखाली. मी बाजूला फडकं घेऊन पुसत होते. दोघीच होतो. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

"शोभा, ते ताट—" मी म्हटलं.

तिने नळ बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. थांबली. तिने मला अडवलं नाही, विषय बदलला नाही. ती वाट बघत होती. आणि मी म्हटलं, "ते ताट कुठे ठेवू?"

"त्या मांडणीत," ती म्हणाली आणि नळ पुन्हा सोडला.

दिवाळीला तिचा फोन येतो. आधी तीच करते.

आता राहिलं ते एवढंच. गेल्या वर्षी आम्ही नव्या इमारतीत परत आलो. सुनेने सामान लावताना ते पुडकं उघडलं. काचेचं ताट पाहून खूश झाली. आई, एवढं छान ताट माळ्यावर टाकलं होतंत? मायक्रोवेव्हला एकदम बरं. मग तिने दुकानातून त्याच्या जोडीची आणखी ताटं आणली. आता घरात सगळे काचेतच जेवतात, आणि बुडबुड्याचं ताट त्यांत मिसळून गेलंय. कधी नातवापुढे येतं, कधी मुलापुढे. मला ते लांबूनही ओळखू येतं.

मी मात्र स्टीलमध्ये जेवते. सुनेला सांगितलंय, काच मला हाताला जड होते. ती रोज न चुकता माझ्यासाठी वेगळं ताट काढते.

आज दुपारी माझ्या जागेवर चुकून ते काचेचं आलं होतं. मी उठले आणि बदलून घेतलं.