ॲथलोनचा सिंह आणि झाकलेल्या ओळी

आयर्लंडमधल्या ॲथलोन गावच्या पुलावरून शॅनन नदी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ती मला फार सज्जन वाटली. सोबत नऊ वर्षांची नात, इरा. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश इंग्रजीत. लेक कामावर गेली की आम्ही दोघं गावभर भटकायचो.

त्या दिवशी पाऊस आला म्हणून एका छोट्या सभागृहात शिरलो, तर आत जुन्या डच छापचित्रांचं प्रदर्शन! पुण्यात तीस वर्षं छापचित्रकला शिकवलेल्या माणसाला आणखी काय हवं? दारात मुलांना रंगवायला कागद देत होते. त्यावर आतल्याच एका चित्राची नक्कल होती: पडका पूल, संत्र्याचं झाड आणि हार्पवर (उभ्या वीणेवर) पंजा ठेवलेला सिंह.

"लुक आजोबा, द लायन्स प्लेइंग द हार्प!"

कागदावरही तेच छापलं होतं: हार्प वाजवणारा सिंह रंगवा.

माझं डोकंच फिरलं. अहो, सिंह म्हणजे हॉलंड, संत्र्याचं झाड म्हणजे त्यांच्या ऑरेंज घराण्यातून इंग्लंडच्या गादीवर बसलेला राजा आणि हार्प म्हणजे आयर्लंड! तीनशे वर्षांपूर्वी त्या राजाच्या फौजेने तोफा डागून हेच गाव घेतलं, त्या विजयाचं हे चित्र. आणि इथल्याच पोरांना सांगता, सिंह गाणं वाजवतोय?

मूळ चित्रात जागोजागी बारीक आकडे होते. अशा चित्रांखाली आकडेवार खुलासा छापायची डच पद्धत. इथे तो फ्रेमच्या पांढऱ्या माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली) गाडलेला. देखरेखीला बसलेले म्हातारे पॅट्रिक त्या चित्राचे मालकच निघाले.

"कडा मळकट होती म्हणून झाकली. आता कसं ग्रँड (झकास) दिसतं," ते म्हणाले.

"झकास दिसतं म्हणूनच राग येतोय!"

खाली खुलासा छापलेला असतो, हे मी चढ्या आवाजातच सांगितलं. पॅट्रिकनी चित्र उतरवलं आणि फ्रेम मागून उघडली. झाकलेल्या डच ओळींचा मोबाइलवर अर्थ लावला. सिंहाच्या पंजाजवळ ७ हा आकडा होता; खाली त्यापुढे, सिंहाने हार्पला गप्प बसवल्याची बढाई होती.

"आयुष्यभर हे आमच्या बैठकीत टांगलेलं," पॅट्रिक हळूच म्हणाले. "पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो."

मी ओशाळलो. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून खालची अक्षरं झाकायला मीही विद्यार्थ्यांना शिकवलं होतं, तेही तीस वर्षं.

पुण्याला परतल्यावर भिंतीवरच्या माझ्या फ्रेमा उघडायला घेतल्या. त्याच आठवड्यात इराने रंगवलेल्या कागदाचा फोटो आला. छापील सूचना तिने खोडली होती. पंजाजवळ आकडा घातला होता आणि खाली, चक्क मराठीत, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

"७. तो वाजवत नाहीये."