आत्याला क्रिस्पी आवडतं

चहा आधी खाली ठेवा. हो, ठेवाच! मागच्या वेळी हे ऐकताना जाऊबाईंना ठसका लागला आणि साडी खराब झाली माझी.

तर झालं असं, की पन्नाशीला आल्यावर मला इंग्रजी बोलायची हौस आली. इथे अंबरनाथ पश्चिमेला, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर, प्राची नावाची मुलगी क्लास घेते. वय बावीस. मला काकू म्हणते आणि शाळेतल्या बाईंसारखी दटावते. तिचा नियम एकच. आठवड्याला एक शब्द, आणि तो रोजच्या बोलण्यात पाच वाक्यांत वापरायचा. वहीत लिहिलेलं चालणार नाही, समोर जिवंत माणूस हवा!

त्या आठवड्याचा शब्द होता 'क्रिस्पी'. म्हणजे कुरकुरीत. अर्थ सोपा हो, पण माणसाच्या आयुष्यात कुरकुरीत असतं काय नि किती?

पहिलं वाक्य पापडावर गेलं. दुसरं नवऱ्यावर. कांजी केलेला शर्ट घालून निघाले होते, म्हटलं, "युवर शर्ट इज क्रिस्पी." ते म्हणाले, "मग बदलू का?" तिसरं भाजीवाल्याला. "भेंडी इज व्हेरी क्रिस्पी." तो म्हणाला, "काकी, घ्यायची तर घ्या, इंग्लिशमध्ये शिव्या कशाला?"

चौथं रविवारी सकाळी, बदलापूरला उतरून गावात जाताना, रिक्षावाल्याला. त्याची सीट बसल्या बसल्या करकरली. "युवर सीट इज क्रिस्पी!" बिचारा खूश झाला. म्हणाला, "नवीन कव्हर हाय, अजून प्लास्टिक नाय काढला."

राहिलं एक. सोमवारी क्लास. आणि मी निघाले होते माहेरी, भाच्याच्या साखरपुड्याला.

आता हा साखरपुडा साधा नव्हता बरं का. आमचा कुणाल उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कामाला. तिथल्याच एका सिंधी घरातली कोमल त्याने पसंत केली. सगळे कसेबसे तयार झाले, एक मुलीची आजी सोडून. तिला सगळे दादी म्हणतात. दादीचं म्हणणं, "पहले घर देखूँगी, खाना खाऊँगी, फिर अंगूठी." म्हणजे आमच्याकडचं जेवण घशाखाली उतरलं तर अंगठी, नाहीतर राम राम!

दादा, म्हणजे माझा भाऊ, आठ दिवस धड झोपला नव्हता. मागच्या अंगणात तीन चुली पेटल्या होत्या. गावच्या बायका तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसल्या होत्या. आमच्या भाकऱ्या म्हणजे पांढऱ्याशुभ्र, मऊ, घडी घातली तरी न मोडणाऱ्या. त्यांच्यावरच दादाची सगळी भिस्त होती.

मी आपली मानाची आत्या. आमच्यात अशा दिवशी आत्याचं मन मोडायचं नाही. आत्या म्हणेल ते. मला तिथेच चुलींजवळ पाट दिला, चहा दिला. आणि माझ्या डोक्यात काय? पाचवं वाक्य! समोर वहिनी दिसली. दिलं ठोकून.

"वहिनी, मला ना, भाकरीसुद्धा क्रिस्पी आवडते!"

वहिनी "हं" म्हणून निघून गेली. मी मनात म्हटलं, झाले पाच! आणि हळदीकुंकवाच्या तयारीला माजघरात गेले.

पण चुलीपाशी काशीवयनी बसली होती ना. सगळ्या बायकांची पुढारी. तिने ते ऐकलं.

तासाभराने मी मागे येऊन बघते तर काय! भाकऱ्या कागदासारख्या पातळ थापून, निखाऱ्यांशेजारी ओळीने उभ्या करून ठेवलेल्या. एक उचलली. काड्! दोन तुकडे.

"काशीवयनी, हे काय केलंत?"

"गो बाय, तूच बोललीस नं, क्रिस्पी आवडतं? मानाची आत्या बोलली म्हनजे बोलली! आमी परत कशाला विचारू?"

"सगळ्या?"

"सगल्या! तुला एकटीलाच दिली तर बरा दिसल का?"

पीठ संपलेलं. दारात गाड्या थांबलेल्या. दादा धावत आला, भाकरी हातात घेतली आणि माझ्याकडे असा बघायला लागला, की काय सांगू! "विद्ये, म्हातारीला तीनच तर दात आहेत गं."

खरं सांगते, मला रडूच फुटलं. कुणालला मी अंगाखांद्यावर खेळवलाय. त्याचं ठरत आलेलं लग्न मी मोडणार, तेही गृहपाठापायी!

दादी आली. एवढीशी, पांढरा दुपट्टा, नजर मात्र पोलिसाची. पाट मांडला, ताट वाढलं. तिने भाकरी उचलली. नखाने वाजवली. टक टक. मग तिने कड्कन तुकडा मोडला, तोंडात टाकला. कुर्रर्र! दुसरा तुकडा. कुर्रर्र!

"ये किसने बनवाया?"

एका क्षणात वीस बायकांनी माझ्याकडे बोट केलं. काशीवयनीने दोन्ही हातांनी!

"मैं... मैं आत्या," मी पुटपुटले.

"इधर आ बेटी." तिने माझा हात धरला. "हमारे में मेहमान को पहले पापड-पानी देते हैं. मैं सोचके आई थी, इन लोगों को क्या मालूम होगा. और तूने मेरे लिए चावल का इतना बड़ा पापड बनवाया?"

आता मला सांगा, अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? गप्प बसावं. मी काय केलं?

"हां दादीजी! स्पेशल! खास आपके लिए! ये तो मेरे बायें हाथ का खेल है!"

अंगठी झाली. पेढे वाटले. कुणाल माझ्या पाया पडला, दादाने डोळे पुसले. मी अशी फुगले होते म्हणून सांगू! तेवढ्यात निघता निघता दादी म्हणाली, "शादी में पाँच सौ बनाना. तेरे हाथ के. किसी और के नहीं."

काशीवयनी पदर तोंडाला लावून हसली ती अजून हसतेच आहे.

आणि सोमवारी क्लासला काय झालं? प्राचीला सगळं रंगवून सांगितलं. ती हसून हसून बेजार झाली आणि मग तिने वहीत लिहिलं, चार. "काकू, पाचवं वाक्य मराठीत बोललात. एक शब्द इंग्रजी घातला म्हणून वाक्य इंग्रजी होतं का? पुन्हा करा."

तर असं आहे. लग्न पुढच्या महिन्यात, मी रोज भाकऱ्या कडक करायला बसते, आणि माझ्या हातची मेली एक कडक होईल तर शपथ! पण कालची जमली आहे बरं. मुद्दाम ठेवली तुमच्यासाठी. घ्या हा तुकडा. जिवंत माणसं आहात ना सगळी? ऐका. "धिस भाकरी इज व्हेरी क्रिस्पी!"

झालं बाई पाचवं!

काय म्हणता? वातड लागतेय?